पडद्याआडची हाक

डोमाजीला गावात कोणी डोमाजी म्हणत नसे, फुसफुश्या म्हणत. राग येण्यासारखंच नाव, पण त्याला कधी राग आला नाही. राग यायला माणूस जरा तरी मोठ्यानं बोलणारा लागतो. वर्षभर तो बाभुळगावच्या सडकेवर गँगमध्ये गिट्टी फोडी, आणि पावसाळा सरत आला की वस्तीच्या नाटकात पडद्याआड बसून नटांना वाक्यं पुरवी. नाटक लिहिणारे नागोराव मास्तर त्याला प्रॉम्प्टिंग म्हणत. गावाला तो शब्द जड गेला, म्हणून फुसफुश्या.

हे काम हलकं समजू नका. सगळ्या मंडळीत वाचता येणारे दोघेच: एक मास्तर, दुसरा रात्रीच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेला डोमाजी. बाकीच्यांनी नाटक कानानं पाठ करायचं, आणि जे पाठ होणार नाही ते ऐनवेळी डोमाजीकडून घ्यायचं. त्यात हिरो होता गोविंदा गाडीवान. काय आवाज होता लेकाचा! बैलाला दटावलं तर शेजारच्या शिवारातले बैल थांबायचे. पण डोक्यात चार ओळी राहतील तर शपथ. म्हणून त्यानं सोपा मार्ग काढला होता. डावा कान पडद्याकडे ठेवायचा आणि जे कानात पडेल ते छाती फुगवून म्हणून टाकायचं. अर्थबिर्थ मास्तरांनी बघावा. एका वर्षी तो राजा झाला होता. पडद्याआड डोमाजीनं शेजारच्याला हळूच म्हटलं, "इडी दे रे एक," आणि तिकडे सिंहासनावरून राजा गरजला, "इडी दे रे एक!" प्रधानानंही मुकाट्यानं कनवटीची विडी काढून दिली. गाव हसून हसून लोळलं. त्या दिवसापासून डोमाजीनं पडद्याआड वहीबाहेरचा एक शब्द तोंडातून काढला नाही.

आता त्याच्या बायकोचं सांगतो. लग्नात तिचं नाव तुळसा होतं. छप्पन साली दोघं धामणगावला गाडीत चढून नागपूरला गेले, पांढरे कपडे घालून त्या लाखांच्या गर्दीत उभे राहिले आणि दीक्षा घेऊन आले. त्या गर्दीत एका बाईची पोरगी हरवली होती. बाई टाचा उंच करून ओरडत होती, "सत्यशीला! सत्यशीला वो!" आणि एवढ्या माणसांतून ती पोरगी बरोबर तिच्याकडे आली. तुळसाबाईनं ते नाव तिथंच धरलं. गावी आल्यावर अंगणातली तुळस उपटली आणि म्हणाली, "अंगनातली गेली, मंग नावातली कायले ठेवाची? आता मी सत्यशीला."

पण नाव धरून काय होतं, हाक मारणारं माणूस लागतं. सासूसाठी ती "डोम्याची बायको"च राहिली. बायकांच्या तोंडी जुनंच नाव बसलेलं. आणि नवरा म्हणायचा "अवो." त्या काळी नवऱ्यानं बायकोचं नाव घेणं म्हणजे थेट बाईलवेडा. धर्म बदलला तरी ही खोड काही बदलली नव्हती. एकदाच, अगदी एकदाच, ती डोमाजीला म्हणाली होती, "मले नावानं हाक माराल का जी एकडाव? त्या नागपूरच्या बाईवानी, दुरून?"

"येडी झाली का वो? लोक काय म्हनतीन!"

"बरं," ती म्हणाली. पुन्हा कधी मागितलं नाही. असली गोष्ट माणूस दोनदा मागत नाही.

एकसष्टच्या भादव्यात मास्तरांनी दसऱ्यासाठी नवं नाटक आणलं, प्रेमाचं आणि रडकं. पाटलाचा शिकलेला मुलगा शशिकांत, मजुराची मुलगी कुमुदिनी. पाटील नाही म्हणतो, हा डळमळतो, ती विष घेते, आणि शेवटी हा तिच्या प्रेताशी बसून अर्धा तास रडतो. अर्धा तास! मास्तरांना अलंकारांचा भारी शौक. उपमेशिवायचं वाक्य म्हणजे त्यांना अळणी वरण. शशिकांतच्या तोंडी चंद्र, कमळ, हरिणी, वीज, वेल, जे सापडलं ते घातलेलं, आणि वर चार स्वगतं, म्हणजे एकट्यानं उभं राहून मनातलं मोठ्यानं बोलायचं. कुमुदिनीचं काम नासिर सायकलवाल्याकडे. कंबर बारीक होती त्याची, दाढी मात्र सकाळी केली की दुपारी परत हजर.

तालीम डोमाजीच्या अंगणात चाले, आणि सत्यशीला चुलीपाशी भाकरी थापता थापता सगळं ऐके. एके दिवशी तिनं मास्तरांपुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "मास्तर, एक इचारू का जी?"

"इचारा ना, वहिनी."

"हा शशिकांत तिले चंद्र म्हनते, कमळ म्हनते, हरनी म्हनते. तिचं नाव कोठी घेते?"

मास्तर हसले. "उपमा म्हनते तिले. नावाहून मोठी गोष्ट असते ते."

"असन मोठी. पन चंद्र तं साऱ्या गावाचा असते. अन् ते पोरगी पाहा. एक बी उपमा नाही तिच्या तोंडी. जेवले का जी, पायात काटा तं नाही गेला, पानी येऊन राह्यलं, छत्री न्या. तिले समोरचं मानूस दिसते. ह्याले आभाळ दिसते, झाडं दिसते, तेच तेवढी दिसत नाही. हा तिले मरू देईन, हे मले पयल्याच अंकात समजलं."

"भाबी बराबर बोल रही है, मास्तर," नासिर म्हणाला.

मास्तरांचा चहा अडकला. स्वतःच्याच नाटकातलं असं काही त्यांना ठाऊक नव्हतं.

"अन् ह्याले चार स्वगतं," ती म्हणाली, "तिले एक बी नाही. तिनं मनातलं कोठी बोलाचं?"

"वहिनी, नायिकेनं सोसाचं असते."

"हो, ते तं दिसूनच राह्यलं," असं म्हणून तिनं तव्यावरची भाकर उलटली.

डोमाजी वहीत तोंड खुपसून बसला होता. हे बोलणं मास्तरांना होतं तसं आपल्यालाही होतं, एवढं त्याला कळलं. शशिकांत निदान कमळ तरी म्हणतो. आपण तेही नाही. दोन दिवस ते त्याच्या डोक्यातून जाईना. बाजाराच्या दिवशी दोघं परत येत होते. ती टोपलं घेऊन पुढं निघून गेली होती, अंतर चांगलं हाकेचं होतं, मागंपुढं चिटपाखरू नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात वळणावरून कोणाची तरी बैलगाडी आली आणि हा नुसताच खाकरला. ती वळली.

"काही म्हनलं का जी?"

"नाही. ऊन लय हाय."

ती उभी राहिली, हा जवळ येईपर्यंत थांबली आणि मग दोघं चालू लागले. अरे, बैलगाडीवाला काय खाणार होता तुला?

दसऱ्याला आठ दिवस राहिले असताना तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले आणि दाराकडे पाहत विचारलं, "कोनी हाक मारून राह्यलं का मले?"

घरात सासू होती, शेजारच्या दोघी बायका होत्या. डोमाजी उशाशी बसला होता. तो म्हणाला, "नाही वो. कोनी नाही. नीज तू."

ती निजली. दिवेलागणीपर्यंत सगळं आटोपून लोक नदीवरून परतही आले होते.

मग डोमाजीला काहीच झालं नाही. तेच तर झालं. रडू आलं नाही. बुद्धवंदना झाली, तो हात जोडून बसला. तिसऱ्या दिवशी सडकेवर गेला आणि गिट्टी फोडली. हातोडा अंगठ्यावर बसला, नख काळं पडलं, पण दुखलं नाही. त्यानं नुसतं पाहिलं आणि पुढचा दगड घेतला. आईच्या हातची भाकर मधे कच्ची होती, ती खाल्ली. पाणी दिलं तर प्यायला, नाही दिलं तर मागितलं नाही. आई म्हणाली, "रड रे बापू. असा दगड नोको होऊ." तो "हो" म्हणाला आणि बसून राहिला.

मास्तर दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले. तिसऱ्यांदा आत आले आणि खालमानेनं म्हणाले, "नाटक बंद ठेवू म्हनतो. तुह्याबिगर वाचनारं कोनी नाही."

"मी येतो ना," डोमाजी म्हणाला.

लोक बोलले. बायको जाऊन सहा दिवस नाही झाले अन् हा चालला नाटकात! बोलू द्या. लोकांच्या तोंडाला काय कोणी हात लावतो? डोमाजीला ते ऐकूही आलं नाही. वही हातात दिली, तो जाऊन पालथ्या टोपल्यावर बसला.

त्या दसऱ्याला गावातली एकुलती एक गॅसबत्ती ऐनवेळी बिघडली, म्हणून नाटक दिवसाउजेडी तीन वाजता लावलं. मोठी फजिती. शशिकांत चांदण्या रात्रीचं वर्णन करतोय आणि लोक डोळ्यांवर हात धरून बसलेले. नासिरच्या पावडरीतून दाढीचे खुंट दिसत होते. पोरं फिदीफिदी हसली. पण डोमाजीचं काम घड्याळासारखं चालू होतं. ओळ डोळ्यांनी घ्यायची, फुसफुसायची, गोविंदानं म्हणायची. कुमुदिनीनं शशिकांतला छत्री दिली. तिनं विष घेतलं. ती पडली. लोक हसायचे थांबले.

शेवटचा प्रवेश. गोविंदा गुडघ्यावर बसला आणि त्याला येणारी एकच ओळ म्हणाला, "हे चंद्रमुखी!" मग डावा कान पडद्याकडे केला.

डोमाजीनं वहीत पाहिलं. 'हे कमलनयने, तुजवाचून हे जीवन म्हणजे चंद्रावाचून रात्र.' अक्षरं दिसत होती, नीट लागत होती. पण आवाज होईना. त्यानं पडद्याच्या फटीतून बघितलं. नासिर आडवा पडला होता, लुगड्याखालून तळवे बाहेर आले होते, मातीनं माखलेले. सहा दिवसांपूर्वी त्यानं असेच तळवे पाहिले होते, तेव्हाही काही वाटलं नव्हतं.

गोविंदा थांबला होता. पलीकडच्या बाजूनं मास्तर हातवारे करत होते. मैदानात कुजबुज सुरू झाली.

"सत्यशीला," डोमाजी म्हणाला.

गोविंदानं छाती फुगवली. "सत्यशीला!"

मैदानातली कुजबुज एकदम थांबली. गोविंदाला काही कळलं नव्हतं असं नाही. पण शब्द कानातून तोंडात जाताना त्याच्या वाटेत डोकं लागतच नसे, आणि त्या दिवशी ते लागलं नाही हे बरंच झालं.

"सत्यशीला वो."

"सत्यशीला वो!" ही हाक पार शिवारापर्यंत गेली.

"तू इचारलं, कोनी हाक मारून राह्यलं का." ते गोविंदानं म्हटलं. "मी नाही म्हनलं." तेही म्हटलं. "मले लोकायची लाज वाटे. बाजाराच्या वाटंवर बी तुलेच हाक मारत होतो. उन्हाचं नव्हतं म्हनाचं मले." गोविंदा शब्दामागून शब्द म्हणत गेला आणि त्याचा तो आवाज हळूहळू फाटत गेला. त्यात चंद्र नव्हता, कमळ नव्हतं. मग पडद्याआडून काही येईना. तेवढंच होतं.

बायकांच्या बाजूला डोमाजीची आई तोंडात पदर कोंबून बसली होती. इकडे प्रेत झालेल्या नासिरच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पावडरीतून ओघळत कानाकडे गेलं. दिवसाचा उजेड, साऱ्या गावानं पाहिलं. मेलेली नायिका रडते म्हणून एरवी लोकांनी आभाळ डोक्यावर घेतलं असतं, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. मास्तरांनी स्वतःच्या हातानं पडदा ओढला. रडण्याची बारा पानं बाकी होती. पुढं म्हणे त्यांनी ती पानं फाडून टाकली. मला काही ते पटत नाही, लिहिणारा माणूस आपली पानं फाडत नसतो. पण ते नाटक त्यांनी परत लावलं नाही, एवढं खरं.

लोक पांगले. डोमाजी टोपल्यावर तसाच बसला होता, वही मांडीवर, काळा पडलेला अंगठा पानात. डोळे कोरडे ठक्क. गोविंदा आला. मिशी अर्धी सुटलेली, तोंडावरचा रंग ओला.

"डोमाभाऊ," तो म्हणाला, "तोंड माह्यं होतं, पन हाक तुही होती. आता तू मार. एकडाव. इथं कोनी नाही."

डोमाजी उठला. पडद्यामागून बाहेर आला आणि नदीच्या अंगाला तोंड करून उभा राहिला. ऊन कलतं झालं होतं. त्यानं छातीभरून श्वास घेतला, मान वर केली, तोंड उघडलं. आणि आयुष्यभर जो यायचा तोच आवाज आला.

"सत्यशीला."

चार हातांवरच्या माणसालाही ऐकू गेलं नसतं. पण गोविंदाचा डावा कान जवळच होता. त्यानं सवयीनं छाती फुगवली आणि ती हाक मोठ्यानं मारली.