सातव्या महिन्यातला चुडा

डोहाळजेवणासाठी कासारीणबाई माझ्या लेकीच्या हातात हिरवा चुडा भरत होत्या. "हात सैल सोड गं, पोरी." तिनं हात सैल सोडला, पण पदराआडचं पोट दगडासारखं घट्ट झालं, मग निवळलं.

"काही नाही गं, आई," ती हसली.

गर्भाशयाच्या पेशी इतके महिने एकमेकींना अनोळखी असतात. एक संप्रेरक त्यांना गप्प ठेवतं. त्याचा धाक सुटला की त्या आतल्या आत जोडल्या जातात आणि एकदम आवळू लागतात. ज्या घरानं सांभाळलं, तेच बाहेर ढकलतं. तारीख कुणी विचारत नाही.

कासारीणबाई थांबल्या. मनगट तसंच धरून त्यांनी विचारलं, "सकाळपासून कितव्यांदा?"

लेकीचं हसू गेलं.

"चौथ्यांदा."