एका डब्यावर दोन नावं

केंब्रिजमधल्या एका छोट्या संग्रहालयात मी तेव्हा तात्पुरत्या नोकरीवर होते. तळघरात बसायचं, ट्रेमधलं एकेक जुनं नाणं उचलायचं, फोटो काढायचा, वर्णन टाईप करायचं. नाणी काही विचारत नाहीत, म्हणून मला ते काम फार आवडायचं. सकाळी एक ‘मॉर्निंग’ आणि संध्याकाळी एक ‘बाय’, एवढ्यावर दिवस भागायचा.

कॉन्ट्रॅक्ट संपत आलं तेव्हा बॉस म्हणाली, कायमची जागा आहे, पण ती लोकांना नाणी दाखवायची, समजावून सांगायची. कॉव्हेंट्रीहून मराठी मंडळाचे ज्येष्ठ लोक येणार होते. तो ग्रुप मी घ्यायचा आणि ती मागे बसून बघणार. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. म्हणजे परीक्षा माझ्या चेहऱ्याची होती, आणि तोच माझा कच्चा विषय.

त्यात मी ठाण्याच्या इंग्लिश मीडियमची. घरी मराठीच, पण घरातलं मराठी म्हणजे ‘जेवायला ये’ आणि ‘गीझर बंद कर’. साम्राज्यं कशी पडतात हे त्या मराठीत सांगायची वेळ कधी आली नव्हती. म्हणून मी डिक्शनरी घेऊन बसले आणि सगळं भाषण कार्डांवर लिहून काढलं.

मंडळी आली ती थर्मास, शाली आणि पिशव्यांसकट. पहिल्या खुर्चीत जांभळ्या कोटातल्या एक काकू, शेजारी एक रिटायर्ड डॉक्टर काका. मी मखमलीवर चांदीचं एक नाणं ठेवलं आणि कार्ड वाचायला घेतलं. क्षत्रपांनी नाशिककडचा मुलूख घेतला, सातवाहनांनी तो परत जिंकला, इथपर्यंत ठीक होतं. मग वाचलं, “विजेत्याने पराभूताच्या चलनावर पुनर्मुद्रांकन केले.”

एका आजोबांनी श्रवणयंत्राचा आवाज वाढवला.

“बाळा,” डॉक्टर काका म्हणाले, “तू आम्हाला सांगतेयस की नोटीस वाचतेयस?”

“अहो, असू द्या हो,” काकू म्हणाल्या. “घाबरलीय ती.”

ते ऐकल्यावर मी खरोखरच घाबरले. मागे बॉसने पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात काकूंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि नाण्याशेजारी ठेवून उघडला. “नारळाच्या वड्या आहेत. घे एक, घसा कोरडा पडलाय तुझा.”

नाण्यांच्या खोलीत पाण्याची बाटलीसुद्धा चालत नाही. बॉस अर्धी उठली.

“काकू, नाही! इथे खायचं नाही! बंद करा आधी!” मी ओरडले. त्या दिवसातलं माझं कार्डावर नसलेलं पहिलं वाक्य.

काकूंनी तोंड वाकडं करून झाकण लावलं आणि डबा उचलला. तेव्हा मला त्याची बाजू दिसली. आपल्याकडे दुकानदार यंत्राने भांड्यावर ठिपक्याठिपक्यांचं नाव घालून देतो, तसं नाव होतं. पण अक्षरांत अक्षरं अडकलेली.

“काकू, थांबा. डबा कोणाचा आहे?”

“माझा. आणि कोणाचा?”

“मग त्यावर दोन नावं का?”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. काकू ताठ झाल्या. “सासूबाईंचा होता. वाटणीत मोठ्या जाऊबाईंना हवा होता, मी आणला. त्याच दिवशी दुकानात नेऊन माझं नाव घातलं.”

“आधीचं काढलं नाहीत?”

“स्टीलवरचं निघतंय कुठे? त्यावरच घालायचं. आणि राहू दे की खालचं थोडं. कोणाचा घेतला ते कळायला नको?”

“हेच!” मी कार्डं खाली ठेवली. “अगदी हेच केलं जिंकलेल्या सातवाहन राजाने. जुनी नाणी वितळवली नाहीत. हरलेल्याच्या चेहऱ्यावरच आपला शिक्का मारला, तीन कमानींचा डोंगर. पण नीट बघा, डोंगराखालून नाक बाहेर आलंय.”

भिंग हातोहात फिरलं. “अगंबाई, नाक!” “कान पण आहे हो!” कडेला ग्रीक अक्षरं का, बाजारात लोकांनी कोणाचं नाणं म्हणून घेतलं, प्रश्नावर प्रश्न. मी उत्तरं देत होते, माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ म्हणत होते. कोणाला वाईट वाटलेलं दिसलं नाही.

“म्हणजे सातवाहन म्हणजे आपल्या मंडळाची नवी कमिटी,” डॉक्टर काका म्हणाले. “बॅनर जुनाच, वर नव्या अध्यक्षाचा स्टिकर.”

“तुम्ही अध्यक्ष झालात तेव्हा तेच केलं होतंत,” काकू म्हणाल्या.

“आणि मोठ्या जाऊबाई?” मी विचारलं. असं कोणाला विचारणं माझ्या स्वभावात नाही.

“त्या क्षत्रप,” काकू गंभीरपणे म्हणाल्या.

निघताना बाहेर पायरीवर त्यांनी मला वडी घ्यायला लावली, मग दुसरी. मी डबा हातात धरून उभी होते.

“आण तो इकडे,” त्या म्हणाल्या. “तुझा भरवसा नाही. तिसरं नाव घालशील.”

मंडळींची बस वळून गेली. बॉस शेजारी येऊन उभी राहिली. एकही शब्द कळला नाही म्हणाली, पण पुढचा ग्रुप तूच घे, आणि त्याच्या पुढचेही. जागा तुझी, चालेल ना?

माझ्या तोंडात अख्खी वडी होती. बोलायच्या नोकरीला मी नुसती मान हलवली.