मामांचं रॅपिड फायर

माझ्या मामेसासऱ्यांच्या तावडीतून एकही प्रश्न न झेलता सुटलेला माणूस कोल्हापुरात तरी मला भेटलेला नाही. आमची मुलगी त्यांच्या या प्रश्नांना रॅपिड फायर म्हणायची. मामा एसटीत कंडक्टर होते. आजऱ्याच्या गाडीत उभ्या गर्दीतून "कुठं? किती? सुट्टं हाय का?" करत पुढं सरकायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. उत्तर पुरं होईपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असे. राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडं ब्लडप्रेशर दाखवायला गेले आणि "तुमचं किती हाय? शेवटचं कवा बघितलंसा? झोपता किती?" असा मारा केला, की बिचाऱ्यांनी शेवटी पट्टा स्वतःच्याच दंडाला गुंडाळला. जास्त निघालं.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा आमची माणसं तिला काही विचारणार, तेवढ्यात मामांनी हात वर केला. आधी पाव्हण्यांची तपासणी, मग पोरीची, असा त्यांचा नियम होता. पगार, व्यसन, आईचा स्वभाव, दूध कुणाकडनं घेता, सगळं झालं. हातातले पोहे गार झाले. शेवटी त्यांनी विचारलं, "राग आला की काय करता?"

"जेवत नाही," मी खरं ते सांगून टाकलं.

मामा पहिल्यांदाच थांबले. "मग चालतंय. दुसऱ्याला उपाशी ठेवत न्हाय."

आमचं लग्न त्या एका उत्तरावर जमलं, असं बायको अजून सांगते. पुढं आमच्या मुलीलाही त्यांनी शब्द दिला होता, "तुझ्या येळंला पोरगं मीच तपासणार." पण गेल्या दिवाळीआधी मामा गेले.

परवा तिला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आत्यानं सुरुवात केली. स्वयंपाक येतो का, नोकरी सोडणार का, इतका पगार कशाला हवा. मुलगी मान खाली घालून बसलेली. मला राहवेना. आयुष्यात कधी कुणाला आडवं विचारलं नव्हतं, तरी मी मुलाकडं वळून विचारलं, "राग आला की काय करता?"

तो गडबडला. मग म्हणाला, "गप्प बसतो. पण थोड्या वेळानं चहा मीच टाकतो."

मुलीनं मान वर केली, आणि हसली. मला फार बरं वाटलं. सवयीनं मी दाराजवळच्या, मामांच्या नेहमीच्या खुर्चीकडं बघितलं. पुढचं विचारायला तिथं कुणी नव्हतं.