अण्णाप्पाचं पदक आणि बलबीरची पगडी

सन २०२३. चैत्र संपलेला, सोलापूर तापलेलं. मागाखाली कापसाची पूड साचते तसे रफिकच्या चहाच्या बाकावर किस्से साचतात. झाडले नाहीत तर ढीग होतो. म्हणून सांगतो.

अण्णाप्पा वळसंगचा. नौदलात होता, बॉयलरवर. एका सकाळी त्याने खिशातून रुमाल काढला. रुमालात पदक. आमच्या भागात असं दुसरं मी पाहिलेलं नाही.

रफिकने विचारलं, "कुश्ती का है क्या, अण्णा?"

"समुद्रातल्या लढाईचं हाय."

"सोलापूर में समुंदर किधर से आया?"

"मी गेलतो की तिकडं!"

*

शाळेत अण्णाप्पाला बोलावलं. मीही गेलो. पोरांनी विचारलं, "आजोबा, एकाहत्तरची लढाई कशी दिसली?"

"दिसली न्हाई. मी खाली बॉयलरपाशी. नुसती ऐकली."

"मग तुम्ही काय केलं?"

"वाफ कमी पडू दिली न्हाई."

पोरं हिरमुसली. मला मात्र उत्तर पटलं.

*

हेडमास्तर म्हणाले, "पदक छातीवर लावा ना!" अण्णाप्पा म्हणाला, "एकाची पगडी द्यायची हाय. ती दिल्याबिगर न्हाई."

बाहेर आल्यावर मी खोदून विचारलं. बोटीला दणका बसला, वाफेचा पाइप फुटला. अण्णाप्पाने दोघांना बाहेर काढलं आणि तिथंच पडला. बलबीर नावाच्या सरदाराने स्वतःची पगडी सोडली, त्याच्या काखेत बांधली आणि त्याला शिडीवरून वर ओढलं. पगडी गेली. अण्णाप्पा राहिला.

"त्यानं मागितली कधी?"

"दर दिवाळीला फोन करतो की! 'अण्णा, मेरी पगडी?' म्हणतो आन् हसतो."

"मग बाजारातून घेऊन द्यायची!"

"इकतची देऊ? त्यानं डोक्यावरची दिलती."

*

वैशाखात बलबीरचा फोन आला. सोलापूरला येतोय. अण्णाप्पा बाकावर येऊन म्हणाला, "त्याच्या हृदयाचं आप्रेशन झालंय. पुन्ना येईल का, ठाव न्हाई. तूच पगडी इन."

मी जन्मभर चादरी विणल्या. हाताला सवय होती ते जाडं सूत घेतलं, सहा मीटर काढून दिलं. अण्णाप्पाने डोक्याला गुंडाळलं. मान खाली गेली!

"अरं, ही डोक्यावर घालायची का खाटंवर?"

रफिक इतका हसला की दूध उतू गेलं. मी हसलो नाही. बारीक सूत आणलं आणि पुन्हा मागावर बसलो.

*

दुसरी हलकी झाली, पांढरीशुभ्र. अण्णाप्पाने उलगडली आणि कपाळाला हात लावला.

"लाल किनार? सरदाराच्या पगडीला किनार असती व्हय?"

"किनारीशिवाय माझ्या मागावरून कापड उतरत नाही."

"आता उसव की!"

"उसवणार नाही."

वेळही नव्हता. बलबीरची गाडी स्टेशनात आली होती.

*

बलबीर काठी टेकत माझ्या दारात आला. नजर अधू झालेली. अण्णाप्पाने कापड त्याच्या हातात दिलं. त्याने ते बोटांनी चाचपलं. किनारीवर अंगठा थांबला.

"ये क्या है?"

अण्णाप्पा माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "सोलापूर."

बलबीर घरात गेला, दार लावून घेतलं. मी, अण्णाप्पा आणि रफिक बाहेर उभे.

दार उघडलं. पगडी बांधलेली, लाल किनार बरोब्बर कपाळावर.

"अण्णा," तो म्हणाला, "मेरी पगडी मिल गई."