सोपाऱ्याच्या टेकाडावरचे दगड

"धनी हायत का?" असं विचारून, खोकून, मगच ते कुणाच्या अंगणात पाय ठेवत. रिकाम्या खळ्यावरसुद्धा. आम्ही हसायचो. "काका, खळ्यात कोण असणार?" "नसंल तं थांबू," म्हणत, आणि खरोखर थांबत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला त्यांच्याबद्दल नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

जामसरला ते आमचे शेजारी. जव्हारच्या डोंगरातलं लाकूड बैलगाडीनं किनाऱ्याकडं न्यायचं, येताना मीठ आणि सुकी मासळी आणायची, यावर त्यांचं घर चाले. आमच्या पाड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एकदा सुट्टी संपवून मुंबईला निघालो, तेव्हा त्यांनी सोपाऱ्यापर्यंत गाडीत घेतलं. वाटेत मी वाचलेलं सांगत होतो. सोपारं एके काळी मोठं शहर होतं, तिथं बुद्धाचं देऊळ होतं, आता नाही.

"देव कुठं गेला मंग?"

काकांनी विचारलं आणि बैल हाकले.

सोपाऱ्यात वखारीच्या मुकादमानं लाकूड उतरवून घेतलं आणि गाडी गावाबाहेरच्या टेकाडाकडं वळवायला लावली. वखारीला पायऱ्या करायच्या होत्या, त्यासाठी तिथले घडीव दगड हवे होते. मजुरांनी दोन दगड गाडीत चढवलेही. मी हळूच म्हणालो, "काका, ते देऊळ इथंच होतं."

ते खाली उतरले. टेकाडाकडं तोंड करून खोकले. धनी आहेत का विचारलं, आणि थांबले.

मुकादम हसला. "अरे, देऊळच उरलं नाही, धनी कुठला?"

"तेच तं. धनी भायेर गेलाय. आमच्याकडं कोणी गाव सोडून गेला तरी त्याच्या चुलीचा दगड नाय उचलत."

"मग पुन्हा इथं भाडं मिळणार नाही. ए शिकलेल्या, समजाव या म्हाताऱ्याला!"

मी गाडीत चढलो आणि पहिला दगड खाली लोटला. दुसरा लोटायला काकांनी हात लावला.

मुकादमानं म्हटलं ते केलं. किनाऱ्यावरचं भाडं बंद झालं. पावसाळ्याआधी एक बैल विकावा लागला, भाताची नांगरट उसन्या बैलावर झाली. पाड्यातले चिडवत, "दगडांनी बैल खाल्ला रं तुझा!"

"खाऊ दे. मला तं नाय खाल्लं."

ते आता नाहीत. गेल्या सुट्टीत गावच्या गवताचा भाव विचारायला मी त्याच वखारीत गेलो. दगड दुसऱ्या कुणाच्या गाडीनं आले होते. पायऱ्या झाल्या होत्या, एकीवर कोरलेल्या कमळाची अर्धी पाकळी होती. मी बाजूच्या उंच जोत्यावर हात टेकून चढलो. गुडघा सोलला.

"पायऱ्या दिसत नाहीत?" मुकादम आतून ओरडला.

"दिसतात," मी म्हणालो.