माझ्याआधी दवाखान्यात कोण पोचलं?

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. आमच्या घरानं छप्पन्न सालीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि मी शाळेत शिकवणारी बाई. तेव्हा हे वाचून ‘बघा, बाईंनाही पटलं’ असं कुणी म्हणू नये. पटलेलं नाही.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट. हिंगण्याच्या पुढे, कारखान्यांच्या रस्त्यालगत आमचं गाव. उन्हाळ्याची सुट्टी होती. हे कामानिमित्त वर्ध्याला गेलेले. दुपारी दोनच्या सुमारास सासूबाई गोठ्यामागं काड्या आणायला गेल्या आणि डाव्या पायाला साप चावला. घोणस. मी डोळ्यांनी पाहिली.

पाय भराभर सुजायला लागला. भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, म्हणाले, “भगताले आणतो. मंत्र टाकला का वीख उतरते.” शेजारी म्हणाले, हिंगण्याच्या डॉक्टरले दाखवा. डॉक्टर चांगला होता, पण सापाचं इंजेक्शन त्याच्याकडे नव्हतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीला साप चावला तेव्हा त्यानंच मला सांगितलं होतं — ते फक्त शहरात, मोठ्या सरकारी दवाखान्यात मिळतं, वाटेत कुठं थांबू नका.

म्हणून मी अडून बसले. अंगणात तासभर भांडण. अर्धं गाव गोळा झालेलं.

सासूबाई म्हणाल्या, “मले नको नेऊ वं तिथं. तिथं गेलेला मानूस वापस येत नाही.”

“आत्याबाई, मी वापस आणतेच तुम्हाले.”

“अन् काही झालं त जबाबदार कोन?” भासऱ्यांनी विचारलं.

“मी.”

शेवटी शेजारच्या दोघांनी खाट उचलली. तीनची शिफ्ट सुटून कंपनीची बस शहराकडे निघाली होती. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, “बाई, ही कंपनीची गाडी आहे. सरका.” मी सरकले नाही. आतून एक कामगार म्हणाला, “घे ना गा, मायच्या वयाची आहे.” मग बस थेट दवाखान्याच्या फाटकात थांबली.

तिथं स्ट्रेचर घेऊन दोघं उभेच होते. नर्स म्हणाली, “हिंगण्याकडची घोणस ना? आत आणा.” डॉक्टर इंजेक्शन काढून बसलेले. मला वाटलं कुणी फोन केला असेल... पण आमच्या गावात तेव्हा फोन नव्हता.

सलाइन लागल्यावर मी खिडकीवर नाव लिहायला गेले. कारकून म्हणाला, “मघाशी तुम्हीच तर लिहून गेल्या.”

त्यानं रजिस्टर फिरवलं. सासूबाईंचं नाव, वय, ‘डावा पाय, घोणस’. खाली माझं नाव — माझ्याच अक्षरात. वेळ दोन पन्नास. दोन पन्नासला मी अंगणात भासऱ्यांशी भांडत होते.

“मीच होते? नीट आठवा.”

“हीच साडी, बाई. पायात चप्पल नव्हती.”

मी खाली पाहिलं. त्या उन्हात अनवाणी आले होते, आणि ते मला तोवर कळलंही नव्हतं. तळव्यांना फोड आले होते. तिथंच बाकावर बसून राहिले.

बाराव्या दिवशी सासूबाई चालत घरी आल्या आणि पुढं नऊ वर्षं जगल्या. गाव म्हणतं, देवी आली तुझ्या रूपानं. हे म्हणायचे, कारकुनानं वेळ चुकीची टाकली असेल. मग नर्सला आधी कुणी सांगितलं?

मी गावाला एवढंच सांगते — देवी असती तर भगताच्याच दारी गेली असती. मला उत्तर माहीत नाही, आजही नाही. पण ती जी कुणी होती, तिनंही सरळ दवाखानाच गाठला. एवढं लिहून ठेवा.