दादाचा पहिला मासा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझे हात हळद-तिखटाने माखलेले होते. डिंभ्याच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं भाजलेल्या माशांचं दुकान आहे. रविवार होता, गिऱ्हाईक समोर उभं. वहिनी रडत सांगत होती, वेल्डिंगच्या दुकानात काम करता करताच छातीत कळ आली म्हणून... मी फोन ठेवला आणि आधी ड्रमच्या शेगडीवर झाकण टाकलं. विस्तव उघडा टाकून हलायचं नाही, ही दादाचीच ताकीद. तो गेल्यावरही मी त्याचंच ऐकत होते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. घोडेगावात त्याचं वेल्डिंगचं दुकान. दोन हजार सालाच्या आसपास धरणावर फिरायला येणारी माणसं वाढली, तेव्हा आम्ही नवरा-बायकोने मासे भाजून विकायचं ठरवलं. दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करायची, असं मी गावभर सांगूनही बसले. लोखंडी ड्रम मधोमध कापून त्याची मोठी शेगडी करतात, एवढं मला ठाऊक होतं. नारायणगावकडच्या एका द्राक्षबागेतून चांगला जाड पत्र्याचा ड्रम आणून मी दादासमोर उतरवला. त्याने बूच काढून वास घेतला.

“काय व्हतं यात?”

“बागंचं औषध. तीन पाण्यानं धुतलाय की.”

“सुमे, हा धुवून बी जायचा न्हाई आन् जाळून बी. परत दे.”

मग त्याने गोडेतेलाचा ड्रम शोधण्यात पंधरा दिवस घालवले. कापायच्या आधी तो पाण्याने काठोकाठ भरला. रिकाम्या ड्रममध्ये वाफ कोंडलेली असते, ठिणगी पडली तर ड्रम आणि माणूस दोन्ही उडतात, म्हणाला. कापल्यावर मोकळ्या रानात आत लाकडं पेटवून तीनदा जाळला, रंगाचा टवकाही उरला नाही. मी हौसेने आणलेली चकचकीत जाळी त्याने बाजूला भिरकावली. “जस्ताचा मुलामा हाये. तापला की धूर इखारी.” साध्या सळयांची जाळी करण्यात आणखी चार दिवस गेले आणि दिवाळीची सुट्टी संपली. मी दुकानात सगळ्यांदेखत ओरडले, “तुला माझं बरं चाललेलं बघवत न्हाई, दादा!” तो सळया घासत राहिला.

शेगडी आली त्या दिवशी पहिला मासा मी भाजला. दादाने ताट ओढलं आणि अख्खा एकट्याने संपवला. आम्ही दोघं बघतच राहिलो. हात धुऊन म्हणाला, “मसाला न्हाई लागला बरोबर. उद्या दुपारी सुरू करा.” दुसऱ्या दिवशी दुपारी आला, हसत म्हणाला, “कर सुरू.” पुढे ड्रमला नवी जाळी टाकली की दर वेळी हेच. मसाल्याला नावं ठेवायची आणि पहिला मासा आपण खायचा! मी त्याला चारचौघांत खादाड म्हणायचे. तोही हसायचा.

दहाव्याचा विधी आटोपल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “ताई, ह्ये मासा खाऊन आलं की मला बजावायचं, ‘उद्या दुपारपतूर मला मळमळलं, काय झालं, तर सुमीला निरोप धाड. शेगडी पेटवू देऊ नको.’”

एवढी वर्षं मी त्याला खादाड म्हणत होते... एकदा तरी सांगायचं होतंस, दादा. निदान ते दुकानातलं बोलणं तरी मागे घेतलं असतं. आता घोडेगावला गेले की त्याच्या बंद दुकानासमोर पाय अडखळतात.

गेल्या आठवड्यात जुनी जाळी गंजली म्हणून दुसऱ्याकडून नवी करून आणली. साध्या सळयांचीच. विस्तव केला, एक मासा भाजला. यजमानांनी हात पुढे केला, तसं मी ताट माझ्याकडे ओढलं. सगळा मासा मी एकटीने खाल्ला. समोर गिऱ्हाईक थांबलेलं.

“मसाला न्हाई लागला बरोबर,” मी म्हणाले. “उद्या दुपारी सुरू करू.”